सोलापूरचे डॉ. कोटणीस: चीनला शिकवायला गेले, आधी शिकले

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून नांदेड-लातूरची आपली मंडळी गावी परततात, आणि तीनच दिवसांनी ९ डिसेंबर येतो. १९४२ साली याच तारखेला आपल्या शेजारच्या सोलापूरचा एक डॉक्टर उत्तर चीनमधल्या खेड्यात वारला. वय अवघे ३२. त्यांचे नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस. ते आपल्या समाजातले नव्हते आणि धम्माशीही त्यांचा संबंध नव्हता. तरी हे चरित्र आपल्या तरुणांसमोर ठेवावे असे आम्हाला वाटते.

आपल्याकडची बरीच मुले-मुली आज वैद्यकीय शिक्षणासाठी चीनला जातात. काही जण तिथे इंग्रजी किंवा योग शिकवायला जाण्याचा विचार करतात. आम्हाला विचारणा होते ती व्हिसाची, पगाराची आणि तिथे आपले जेवण मिळेल का याची. भाषेचे कोणी विचारत नाही.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. चीनच्या सेनापतींनी मदत मागितली आणि काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवायचे ठरवले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. १ सप्टेंबर १९३८ ला पथक मुंबईहून बोटीने निघाले. चुंगकिंगला असताना कोटणीसांना वडील गेल्याची बातमी मिळाली. घरी परत जायला कोणी नको म्हटले नसते. ते पुढे येनानला गेले.

चुंगकिंगलाच त्यांना चिनी नाव मिळाले, के दीहुआ. ते देणारे शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे प्राध्यापक तान युन-शान. चीनमध्ये आडनाव आधी येते, म्हणून के हे आडनाव. शेवटचा हुआ म्हणजे चीन. पाचही डॉक्टरांच्या नावांना हा हुआ जोडला गेला.

येनानमध्ये माणसे डोंगर पोखरून केलेल्या घरांत राहत. लष्कराचे रोजचे अन्न म्हणजे आपल्याकडे ज्याला राळे म्हणतात तेच धान्य. सोलापूर-लातूरकडच्या जुन्या माणसांना राळ्याचा भात सांगायला नको. झोपायला खांग, म्हणजे खालून धुराची ऊब दिलेला विटांचा ओटा. हे सगळे अंगवळणी पडायला वेळ लागत नाही. भाषेला लागतो. चिनी भाषेत सूर बदलला की शब्द बदलतो. मा एका सुरात आई, दुसऱ्या सुरात घोडा! दुखते कुठे हे नीट विचारता आले नाही, तर डॉक्टर काय करणार? कोटणीस बोलायला शिकले, मग चित्रलिपी वाचायला आणि लिहायलाही शिकले, आणि पुढे दुभाष्याशिवाय वर्गात व्याख्याने देऊ लागले. कुमारजीवांचीही गोष्ट अशीच आहे. चांगआनला सूत्रांचे भाषांतर सुरू करण्याआधी त्यांची कितीतरी वर्षे चिनी मुलखात गेली होती.

पथकातले बाकीचे एकेक करून परतू लागले. १९४० मध्ये कोटणीस आणि डॉ. बसू आघाडीजवळच्या डोंगराळ भागात गेले. बोधिसत्त्व मंजुश्रींचे स्थान मानला जाणारा वुताई पर्वत याच मुलखात आहे. त्या वर्षीच्या एका लढाईत १३ दिवसांत ८०० वर जखमी त्यांच्याकडे आले आणि त्यातल्या ५५८ जणांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. जानेवारी १९४१ मध्ये, तिशीतच, ते कॅनडाचे डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालक झाले. रुग्णालयाला पक्की इमारत नव्हती, जखमींना गावकऱ्यांच्या घरांत ठेवत. त्याच्याच जोडीच्या वैद्यकीय शाळेत ते शस्त्रक्रिया शिकवत. शिकणारी बहुतेक शेतकऱ्यांची पोरे, शाळेचे तोंड फारसे न पाहिलेली. अशा मुलांना माणसाच्या शरीराची रचना त्यांच्याच बोलीत समजावून सांगायची होती. आम्हाला हे काम लढाईतल्या शस्त्रक्रियांपेक्षा मोठे वाटते. हे आमचे मत.

त्या शाळेत नर्सिंग शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांचे लग्न झाले. लग्नानंतरही त्या क्वोच राहिल्या, चीनमध्ये बायका आडनाव बदलत नाहीत. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव इन्हुआ ठेवले, इन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

कोटणीसांना फेफऱ्याचे झटके येत होते. उपचारासाठी बाहेर जा असे वरिष्ठांनी सांगितले, त्यांनी ऐकले नाही. विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहायला घेतले होते. ते अपुरे राहिले. मूल साडेतीन महिन्यांचे असताना ते गेले.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, तो बऱ्याच जणांना ठाऊक असतो. त्यांची समाधी आता शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. पूर्वजांच्या कबरी झाडण्याचा चिंगमिंग सण एप्रिलमध्ये येतो, तेव्हा लोक तिथेही फुले ठेवतात. इन्हुआ वैद्यकशास्त्र शिकत होता, तो १९६७ मध्ये ऐन पंचविशीत वारला. क्वो छिंगलान २०१२ पर्यंत होत्या आणि त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या. सोलापुरातले कोटणीसांचे घर आता स्मारक आहे. लातूरहून सकाळची एसटी धरली तर ते पाहून संध्याकाळी परत येता येते.