गिरणीत गेलेल्या गावकऱ्यांचे लोखंडे

शेतकरी बंधूंनो, तुमचा पोरगा मुंबईला नोकरीला असेल तर त्याला रविवारची सुट्टी मिळत असेल. ती कोणी मिळवून दिली, हे चावडीवर विचारून पाहा. एखादाच सांगेल.

नारायण मेघाजी लोखंडे, मूळ गाव कन्हेरसर, तालुका खेड, जिल्हा पुणे. जन्म १८४८ चा. रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली, पुढे मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तिथं रत्नागिरी, साताऱ्याकडून आलेली आपलीच माणसं दिसली. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, पगाराचा नेम नाही. यंत्रात हात सापडला की गावची वाट धरायची, म्हणजे बोजा पुन्हा शेतावरच.

लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र त्यांनी चालवलं. १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनकडे दिला. त्यातल्या मागण्या जरा नीट वाचा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, मागल्या महिन्याचा पगार १५ तारखेच्या आत, जखमी झाल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा अधू झाल्यास पोटापाण्याची सोय. शेवटची मागणी गावाकडच्या घरासाठीच होती म्हणा ना!

मालक सहजी बधले नाहीत. १८९० च्या एप्रिलात सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, त्यात दोन बायकाही बोलल्या. १० जूनला रविवारची सुट्टी मान्य झाली. जखमींच्या भरपाईचा कायदा मात्र १९२३ साली आला. लोखंडे तो पाहायला नव्हते. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईच्या प्लेगने त्यांना नेलं होतं.