जगद्गुरू इब्राहीम आदिलशहा आणि अत्तराची विद्या

वाचकहो, साताऱ्याचा अजिंक्यतारा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. मिरजेच्या किल्ल्याचे उरलेसुरले बुरूजही अनेकांच्या नित्य येण्याजाण्याच्या वाटेवर आहेत. शिवरायांचे राज्य येथे पोहोचण्यापूर्वी हा सारा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत मोडत असे. त्या घराण्यात एक सुलतान असा होऊन गेला, की लोक त्याला जगद्गुरू म्हणत. तो म्हणजे दुसरा इब्राहीम आदिलशहा. त्याचे गाणे, त्याची चित्रे आणि त्याचा इब्राहीम रोजा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु सुगंधाच्या विद्येशी त्याचे जे नाते होते, त्याची माहिती फार थोड्यांना असते. म्हणून आज त्याच्या चरित्राबरोबर त्या विद्येचीही ओळख आपण करून घेऊ.

१५८० साली पहिल्या अली आदिलशहाचा खून झाला. त्याला पुत्र नव्हता. त्यामुळे त्याचा पुतण्या इब्राहीम हा अवघ्या नऊ-दहा वर्षांचा मुलगा तख्तावर बसला. त्याची चुलती म्हणजे इतिहासप्रसिद्ध चांदबिबी. मुलाचे शिक्षण आणि राज्याचा कारभार या दोन्ही गोष्टी तिच्या देखरेखीखाली होत्या. पण दरबारातील सरदार सत्तेला हपापलेले होते. किश्वरखान नावाच्या सरदाराने कारभार बळकावला आणि चांदबिबीलाच कैद करून साताऱ्याच्या किल्ल्यावर पाठवले. आपल्या डोक्यावर रोज दिसणारा हा डोंगर त्या शूर स्त्रीचा तुरुंग होता, हे आपल्या मुलांना आपण सांगितले पाहिजे. पुढे हबशी सरदारांनी किश्वरखानाला हुसकावले, तेव्हा तिची सुटका झाली. कालांतराने ती अहमदनगरला गेली, अकबराच्या फौजेपुढे तिने नगरचा किल्ला लढवला आणि १६०० साली तिथेच ती मारली गेली.

विजापुरात मात्र १५८२ पासून दिलावरखान या सरदाराची सत्ता होती. सुलतान नावापुरता उरला होता. १५९० मध्ये तरुण इब्राहीमने दिलावरखानाचा पाडाव केला आणि राज्य आपल्या हाती घेतले. दिलावरखान पळून नगरला गेला. पुढे त्याला परत बोलावून घेण्यात आले, त्याचे डोळे काढण्यात आले आणि त्याचीही रवानगी साताऱ्याच्याच किल्ल्यावर झाली. १५९४ च्या सुमारास सुलतानाचा सख्खा भाऊ इस्माईल याने बेळगावकडे बंड केले, ते मोडले आणि इस्माईल जिवंत राहिला नाही. थोरामोठ्यांची चरित्रे वाचताना हा भागही डोळ्यांआड करू नये. ज्याला आपण कोमल मनाचा कलावंत म्हणतो, तोही त्या काळच्या राजकारणाच्या रक्तातून चालत आला होता.

परंतु राज्य स्थिर झाल्यावर याच माणसाने जे केले, त्यामुळे दख्खनचे नाव दूरवर गेले. नवरस या एका शब्दावर त्याने जणू सारे आयुष्य ओवाळून टाकले. दखनी भाषेत गीते रचून त्यांचा किताब-ए-नवरस सिद्ध केला. त्या ग्रंथात सरस्वतीचे स्तवन आहे आणि हजरत ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांच्याविषयीची भक्तीही आहे. मोतीखान नावाचे एक तंतुवाद्य त्याला प्राणाहून प्रिय होते. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे आज देशभर नावाजले जातात. त्या मिरजेवर एकेकाळी असा वाद्यवेडा राजा राज्य करीत होता, हा योग मोठा गोड आहे. १५९९ साली त्याने विजापूरच्या पश्चिमेला नवरसपूर नावाचे नवे शहर वसवण्यास आरंभ केला. फिरिश्ता हा इतिहासकार आणि जुहुरी हा फारसी कवी त्याच्या आश्रयाला होते. अकबराचा वकील असदबेग १६०३-०४ च्या सुमारास विजापुरास आला. सुलतानाला फारसी समजते, पण बोलताना ती अडखळते आणि दरबारी मंडळींशी तो मराठीत बोलतो, असे त्याच्या ध्यानात आले. वाचकहो, ज्या भाषेत आपण हा लेख वाचत आहात, ती त्या सुलतानाच्या जिभेवर खेळत होती.

आता सुगंधाकडे वळू. इब्राहीमच्या दरबारातील निजामुद्दीन महमूद याने त्याच्यासाठी फारसीत एक ग्रंथ लिहिला. त्याचे नाव इत्र-ए-नवरसशाही. सुगंधी द्रव्ये कशी तयार करावीत, ती कशी मिसळावीत आणि त्यांनी वस्त्रे व घर कसे दरवळावे, याचे विवेचन या ग्रंथात आहे. राजाने अशा विषयावर ग्रंथ का लिहवून घ्यावा, असे आपल्याला वाटेल. त्या काळी सुगंध ही चैनीची वस्तू तर होतीच, पण हकिमांच्या मते तो औषधही होता. सुवासाने मन आणि मेंदू ताजे राहतात, अशी वैद्यांची व हकिमांची धारणा होती. शिवाय राग, रंग आणि गंध यांचा मेळ बसला म्हणजे मैफल पूर्ण होते, हे नवरसाच्या उपासकाला वेगळे सांगायला नको होते.

फुलातला वास फुलाबाहेर काढून साठवायचा कसा? जुन्या कारागिरांना याच्या तीन मुख्य रीती ठाऊक होत्या.

पहिली रीत तिळाची. धुऊन सोललेल्या तिळाचा एक थर, त्यावर मोगऱ्याच्या किंवा जाईच्या ताज्या फुलांचा थर, पुन्हा तीळ, असे रचून ठेवायचे. तीळ फुलांचा वास ओढून घेतात. कोमेजलेली फुले काढून दुसऱ्या दिवशी नवी घालायची. असे अनेक दिवस केल्यावर ते तीळ घाण्यात घालून तेल काढायचे. हेच फुलेल. यात विस्तवाचे काम नाही. म्हणून नाजूक फुलांना ही रीत मानवते.

दुसरी रीत पाताळयंत्राची. अगरू लाकडाचे तुकडे अरुंद तोंडाच्या भांड्यात भरून ते भांडे मातीने लिंपायचे आणि दुसऱ्या भांड्यावर पालथे घालायचे. वरच्या भांड्याभोवती आग पेटवली म्हणजे लाकडाचा सुगंधी अर्क खाली टपकतो. त्याला चुवा म्हणत. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत अकबराच्या खुशबूखान्याचे वर्णन करताना ही कृती दिली आहे. आपल्या वैद्यांना हे यंत्र चांगले परिचित आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची रीत डेग-भपक्याची. कनौजच्या अत्तरवाल्यांकडे ती आजही चालू आहे. दर्ग्यातील लंगराची डेग आपण पाहिली आहे; तशीच तांब्याची मोठी डेग भट्टीवर चढवतात. तीत फुले आणि पाणी घालून झाकण बसवतात व फट माती आणि कापसाने लिंपून बंद करतात. झाकणातून चोंगा, म्हणजे सुतळी गुंडाळलेली बांबूची नळी, खाली उतरते. तिचे दुसरे टोक भपका नावाच्या सुरईसारख्या तांब्याच्या भांड्यात जाते. भपका थंड पाण्याच्या हौदात बसवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. डेगीतील वाफ फुलांचा वास घेऊन चोंग्यातून येते, भपक्यात गार होते आणि वास चंदनाच्या तेलात उतरतो. मग भपका निवू देतात, तळाचे पाणी काढून पुन्हा डेगीत घालतात आणि दुसऱ्या दिवशी ताज्या फुलांवर तोच खेळ. मनाजोगा वास उतरेपर्यंत हे कित्येक दिवस चालते. शेवटी अत्तर चामड्याच्या कुप्पीत भरतात; चामड्यातून ओलावा हळूहळू उडून जातो आणि अत्तर मुरते.

शास्त्राचे विद्यार्थी येथे विचारतील, की सुगंधी तेले तर दोनशे अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही वर उकळतात, मग ती उकळत्या पाण्याच्या वाफेबरोबर कशी येतात? त्याचे उत्तर असे, की पाणी आणि त्यात न मिसळणारे तेल एकत्र तापवले, की दोघांच्या वाफेचा दाब मिळून हवेच्या दाबाइतका होतो आणि शंभर अंशांच्या आतच दोन्ही बाहेर पडू लागतात. त्यामुळे वास जळत नाही. भट्टीवाल्याने हा नियम पुस्तकात वाचलेला नसतो. तो भपक्याला हात लावून पाहतो, वाफेचा आवाज ऐकतो आणि आच वाढल्यास ओल्या फडक्याने डेग निववतो. परीक्षा मात्र दोघांची एकच असते. हे काम किती किमती आहे हे पाहा: १ किलो शुद्ध गुलाबतेलाला सुमारे ४,००० किलो फुले लागतात.

ही विद्या कोणा एकाची नाही. बगदादच्या अल-किंदीने नवव्या शतकात सुगंध आणि ऊर्ध्वपातनावर ग्रंथ लिहिला, त्यात शंभराहून अधिक कृती आहेत. गुलाबपाण्याचा शोध इब्न सिनाने लावला असे आपण पुष्कळदा ऐकतो. पण त्याचा जन्म ९८० चा, म्हणजे अल-किंदीच्या शंभरावर वर्षांनंतरचा. इब्न सिनाचे मोठेपण त्याच्या वैद्यकात आहे. ते सिद्ध करायला दुसऱ्याचे श्रेय त्याला देण्याची गरज नाही. आपल्याकडेही गंधशास्त्रावर संस्कृत ग्रंथ होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा गंधसार आणि गंधवाद हे ग्रंथ उजेडात आणले. त्यांतील गंधवादावर मराठी टीका आहे. म्हणजे सुगंधाची विद्या मराठीत लिहिणारे लोक काही शतकांपूर्वीच झाले होते. इब्राहीमच्याच काळात उत्तरेस नूरजहानची आई अस्मत बेगम हिने गरम गुलाबपाण्यावर तरंगणारा तेलाचा तवंग अलगद जमा केला आणि त्यातून गुलाबाचे अत्तर मिळाले, असे जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. महाराष्ट्रात खानदेशातही रोशा गवताचे तेल काढणाऱ्या भट्ट्या एकोणिसाव्या शतकात धगधगत होत्या. ते तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबतेलात भेसळ करण्यासाठी वापरले जाई.

इब्राहीमच्या आयुष्याचा शेवट जवळ आला तेव्हा त्याला एक मोठा घाव सोसावा लागला. १६२४ साली मलिक अंबरच्या फौजेने नवरसपूर लुटून उद्ध्वस्त केले. पंचवीस वर्षे ज्या शहराचे स्वप्न पाहिले, ते पुरते उभे राहण्यापूर्वीच कोसळले. १६२७ मध्ये सुलतानाचे निधन झाले. तो इब्राहीम रोजात चिरनिद्रा घेत आहे. त्या इमारतीचे काम मलिक संदल याच्या देखरेखीखाली झाले. संदल म्हणजे चंदन. सुगंधाच्या जाणकाराला चंदनाच्या नावाचा स्थपती लाभावा, हाही एक योगच.

वाचकहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? नवरसपूरचे दगड ढासळले, पण इत्र-ए-नवरसशाही उरली, कारण कोणीतरी बसून ती लिहिली. याउलट ज्या भट्टीवाल्यांनी आयुष्यभर डेगीपुढे बसून हात भाजून घेतले, त्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. त्यांची विद्या बापाकडून मुलाकडे तोंडी आली आणि मुलाने धंदा सोडला, की त्याच घरात विझली. आज चंदन दुर्मीळ आणि महाग झाले आहे. पुष्कळशा स्वस्त अत्तरांत त्याच्या जागी खनिज तेल किंवा कारखान्यातील रसायने घालतात. खरे कोणते आणि खोटे कोणते हे ओळखणारी नाकेही कमी होत चालली आहेत.

म्हणून उरुसात किंवा जुम्म्याच्या दिवशी मशिदीबाहेर अत्तराची पेटी घेऊन बसलेला एखादा वृद्ध आपल्याला दिसला, तर केवळ कापसाचा फाया कानात खोचून पुढे जाऊ नका. त्याच्याजवळ दोन घटका बसा, त्याने हे कोठून शिकले ते विचारा आणि घरी येऊन वहीत लिहून ठेवा. आपल्या घरात कोणी कलईवाला असेल, कोणी तंबोऱ्याच्या भोपळ्यांवर हात फिरवणारा असेल, कोणी सांगलीच्या बाजारात नुसत्या वासावरून हळदीची प्रत सांगणारा असेल, तर त्याचेही लिहून ठेवा. हाताच्या विद्येला अडाणीपणा समजणारे शिक्षण अपुरे आहे आणि लेखणी न धरणारी कारागिरी अल्पायुषी आहे. विजापूरच्या सुलतानाने चारशे वर्षांपूर्वी या दोहोंची गाठ घालून दिली. ती सुटू न देणे आपल्या हाती आहे.