कुलूप घडविणाऱ्याचा मुलगा : जॉर्ज सायमन ओहम

गेवराईच्या शिवारात ज्यांनी रात्रीच्या पाळीने पिकाला पाणी दिले आहे, त्यांना विजेचा दाब आणि मोटारीचे तापणे यांचा संबंध कोणी शिकवावा लागत नाही. दाब उतरला की तेच पाणी ओढण्यासाठी मोटार जास्त धारा घेते; धारा दीडपट झाली की वेटोळ्यांतील उष्णता सव्वादोन पट होते आणि अखेर मोटार जळते. नववीच्या वर्गात धाराविद्युत शिकताना हाच अनुभव विभवांतर, धारा आणि रोध या शब्दांत भेटतो. या तिघांचे नाते ज्यांनी प्रथम प्रसिद्ध केले, ते जॉर्ज सायमन ओहम आयुष्याची बरीच वर्षे शाळामास्तर होते.

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी बव्हेरियातील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलपे घडविणारे कारागीर, आई शिंप्याची मुलगी. सात भावंडांपैकी तिघेच जगली आणि जॉर्ज दहा वर्षांचे असताना आईचे छत्रही गेले. वडिलांचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते. परंतु त्यांनी स्वबळावर गणित आणि विज्ञान आत्मसात केले आणि ते दोन्ही मुलांना घरीच शिकविले. धाकटे मार्टिन पुढे गणिताचे प्राध्यापक झाले. मुलांना वसतिगृहात ठेवून ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्याकडील आई-वडिलांना हे कुलूपवाले गृहस्थ परके वाटू नयेत.

१८०५ मध्ये ओहम विद्यापीठात गेले आणि तेथे अभ्यासापेक्षा नाच, बिलियर्ड आणि बर्फावरून घसरणे यांतच अधिक रमले. (थोरांच्या चरित्रांतून असे तपशील गाळण्याची आपली सवय काही बरी नव्हे.) तीन सत्रांनंतर वडिलांचा संयम सुटला आणि मुलाची रवानगी स्वित्झर्लंडमध्ये, गणिताच्या मास्तरकीवर झाली. तेथे स्वतःचा अभ्यास करून ते परतले आणि १८११ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पण पोटापुरते वेतन मिळेना. बाम्बेर्गच्या एका सामान्य शाळेत त्यांनी नोकरी धरली. पुढे तीही शाळा बंद पडली.

१८१७ मध्ये कोलोनच्या शाळेत त्यांची नेमणूक झाली आणि तेथील सुसज्ज प्रयोगशाळेने त्यांचे आयुष्य बदलले. वडिलांच्या कारखान्यात धातूकामाला सरावलेले हात आता उपकरणे घडवू लागले. अडचण विद्युतघटांची होती. त्या काळच्या घटांचा दाब प्रयोग चालू असतानाच ढळे आणि मोजमापावर विश्वास ठेवता येत नसे. पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी घट बाजूला ठेवला आणि बिस्मथ व तांबे यांची जोडणी केली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमाने स्थिर, म्हणून दाबही स्थिर. मग सारख्या जाडीच्या, पण वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकामागून एक जोडायच्या आणि टांगलेली चुंबकसूची मूळ जागी आणण्यास किती पीळ द्यावा लागतो, ते टिपायचे. हेच त्यांचे धारेचे माप. लांबी वाढली की धारा ठरावीक प्रमाणात घटते, हे १८२६ मध्ये आकड्यांनी सिद्ध झाले. पुढील वर्षी बर्लिनहून त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्या नियमाने काय हाती आले, हे पाहण्यासाठी पाणी तापविण्याची १००० वॅटची सळई घ्यावी. २३० व्होल्ट विभवांतराला तिच्यातून सुमारे ४.३५ अँपिअर धारा वाहते. विभवांतराला धारेने भागले की रोध मिळतो, सुमारे ५२.९ ओहम, दोहोंचा गुणाकार केला की शक्ती मिळते, १००० वॅट. आता दाब १८० व्होल्टवर आला असे समजा. सळईचा रोध जवळजवळ तोच राहतो, धारा ३.४ अँपिअरवर येते आणि शक्ती उरते सुमारे ६१२ वॅट. दाब पाचव्या हिश्श्याहून थोडासाच अधिक उतरला, पण शक्ती जवळजवळ दोन पंचमांशाने गेली. कारण दाबाबरोबर धाराही घटते आणि गुणाकारात दोन्ही तोटे एकत्र येतात. थंडीच्या पहाटे तीच बादली तापायला दीडपटीहून अधिक वेळ लागतो, तो यामुळे. फिरत्या मोटारीला मात्र हा साधा भागाकार लावू नये. तिच्यात विरुद्ध दिशेचा दाबही निर्माण होत असतो. उष्णता धारेच्या वर्गाप्रमाणे वाढते, हे इंग्लंडमधील जेम्स ज्यूल यांनी १८४१ मध्ये दाखविले. वर सांगितलेली सव्वादोन पट त्यांचीच.

ओहम यांना या ग्रंथाच्या बळावर विद्यापीठात जागा मिळेल अशी आशा होती. जर्मनीतील अनेक विद्वानांना मात्र निसर्गाच्या अभ्यासात गणिताची अशी घुसखोरी रुचली नाही आणि ग्रंथावर बोचरी टीका झाली. दुखावलेल्या ओहम यांनी १८२८ मध्ये कोलोनची नोकरी सोडली. त्यानंतरची पाच वर्षे बर्लिनमध्ये तुटपुंज्या शिकवण्यांवर गेली. वयाच्या ऐन चाळिशीतील ही वर्षे. त्यांतून आणखी काय निर्माण झाले असते, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. १८३३ मध्ये न्यूरेम्बर्गच्या तंत्रशाळेने त्यांना जागा दिली. मायदेशाआधी दाद दिली ती परक्यांनी : १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ले पदक दिले. म्युनिक विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे आसन लाभले तेव्हा १८५२ साल उजाडले होते आणि ओहम त्रेसष्ट वर्षांचे झाले होते. त्या आसनावर त्यांना दोनच वर्षे मिळाली. ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले.

१८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला ओहम हे नाव मान्य केले. त्याचे चिन्ह म्हणून ओमेगा हे ग्रीक अक्षर वापरतात. ओहम यांच्या नावाचे आद्याक्षर शून्यासारखेच दिसते, आणि आकड्याशेजारी ते लिहिले असते तर हिशेबात घोटाळा झाला असता.