पायाला बांधलेली चिठ्ठी

विसाव्या शतकाच्या आरंभीची गोष्ट. मुंबईच्या खेतवाडीत मामांच्या घरी एक पोरका मुलगा वाढत होता. छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपण्याचा त्याला नाद होता. एके दिवशी त्याने पाडलेली चिमणी नेहमीसारखी दिसेना; तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. असला पक्षी खाणे धर्मास मान्य आहे की नाही, अशी शंका येऊन तो ती चिमणी मामांकडे घेऊन गेला. मामा अमिरुद्दीन तय्यबजी शिकारीचे मोठे शौकीन. परंतु तिचे नाव त्यांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. हा मुलगा म्हणजेच पुढे जगप्रसिद्ध झालेले पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली होत. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला.

सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांनी चिमणी ओळखली आणि बुजलेल्या त्या मुलाला कपाटांचे खण उघडून दाखविले. खणांत कापूस भरलेले शेकडो पक्षी ओळीने निजविलेले होते. अशा प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक लहानशी चिठ्ठी बांधलेली असते. हा पक्षी कोठे मिळाला, कोणत्या दिवशी, कोणी मिळविला, हे तीवर लिहितात. चिठ्ठी नसेल, तर सुंदरातला सुंदर पक्षीही शास्त्राच्या दृष्टीने मुका. एखाद्या नव्या जातीचे वा उपजातीचे वर्णन ज्या नमुन्यावरून प्रथम लिहिले जाते, त्याला मूळ नमुना म्हणतात आणि तो जिवापाड जपतात. पुढे कोठे वाद उपजला, तर साक्ष त्याचीच काढावयाची असते.

सलीम अलींचे तारुण्य मात्र सुखाचे गेले नाही. ब्रह्मदेशात घरच्या धंद्यावर काही वर्षे काढली, पण लक्ष रानातल्या पाखरांकडे. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिशास्त्र खात्यातील जागा हुकली. १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात व्याख्याता म्हणून नोकरी लाभली. अधिक शिकावे म्हणून ते जर्मनीस गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात स्ट्रेसमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करू लागले. नमुना कसा पाहावा, हे ते तेथेच शिकले. १९३० साली परत येतात तो नोकरीच बंद झालेली! पैशाअभावी ती जागा काढून टाकण्यात आली होती.

हे संकट पक्षिशास्त्राच्या पथ्यावरच पडले, असे म्हणावयास हरकत नाही. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. तासन् तास न्याहाळून त्यांनी दाखवून दिले, की खोपा विणतो तो नर. मादी अर्धवट विणलेला खोपा पारखते आणि पसंत पडला तरच तेथे संसार थाटते. ती नांदू लागली, की नर दुसरा खोपा विणावयास घेतो.

पुढे सोसायटीसाठी त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, म्हैसूर असे मुलूख पायाखाली घातले. १९३७ साली ते कर्नल माइनर्त्सहागेन या इंग्रज पक्षितज्ज्ञाबरोबर अफगाणिस्तानच्या डोंगराळ मुलखात गेले. याच मोहिमेतून स्नोफिंच या उंच पहाडी पाखरांची एक नवी जात शास्त्राला मिळाली. नावात फिंच असले, तरी कुळाने ही पाखरे चिमण्यांचीच भावंडे. तिचे वर्णन कर्नलने त्याच साली प्रसिद्ध केले.

या कर्नलची कथा मात्र विपरीत आहे. त्याचा संग्रह प्रचंड. परंतु त्याच्या मृत्यूनंतर, १९९०च्या दशकात, संशोधकांनी तो तपासला, तेव्हा पुष्कळ पक्षी इतरांच्या संग्रहांतून चोरलेले निघाले. चिठ्ठ्या बदलून त्यांवर खोटी गावे व खोट्या तारखा घातलेल्या होत्या. रानपिंगळा हे एक लहान घुबड. खानदेशात डेव्हिडसन यांनी मिळविलेल्या रानपिंगळ्यावर कर्नलने गुजरातेतील मांडवी आणि १९१४ साल असे लिहून ठेविले. त्या चिठ्ठीने शोध घेणाऱ्यांची दिशाभूल झाली. एका पक्ष्याच्या चोरीपेक्षा हा गुन्हा मोठा, असे माझे मत आहे. हे सारे पुरतेपणी उघडकीस आले तेव्हा सलीम अली हयात नव्हते.

पक्षी न मारता नोंद करण्याची वाटही त्यांनी धरली. १९५९ साली सोसायटीने पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास त्यांच्या देखरेखीखाली हाती घेतला. जिवंत पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे हलके कडे घालावयाचे आणि त्याला सोडून द्यावयाचे. रिप्ली यांच्यासह लिहिलेला त्यांचा भारतीय पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात निघाला.

याच सुमारास एक गमतीची घटना घडली. १९४८ साली दक्षिणेतील हाय वेव्ही डोंगरात मिळालेले एक वटवाघूळ सोसायटीच्या संग्रहात भलत्याच नावाने पडून होते. थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थोंगलोंग्या यांनी १९७० साली ते पुन्हा तपासले आणि ही निराळीच जात आहे, हे ओळखले. नाव चुकले होते, पण स्थळ आणि साल खरे होते. १९७२ साली त्यांनी या जातीला सलीम अलींचे नाव दिले.

१९७६ साली भारत सरकारने सलीम अलींना पद्मविभूषण किताब दिला. १९८७ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे मुंबईत निधन झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, अमेरिकन संशोधकांनी मांडवीची चिठ्ठी बाजूस सारून जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढला. खानदेशात शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा जिवंत आढळला. त्याआधी एकशे तेरा वर्षे त्याची खात्रीची नोंद नव्हती.