जाळीआड जपलेली ज्योत

पेट्रोल पंपावर गाडीत इंधन भरून घेताना ग्राहकाची नजर खिळलेली असते ती यंत्रावर पळणाऱ्या आकड्यांवर. पंपाच्या एखाद्या कोपऱ्यात जमिनीतून वर आलेल्या दोन-चार उंच नळ्या उभ्या असतात, त्यांच्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जमिनीखालच्या टाक्या याच नळ्यांतून श्वास घेतात आणि सोडतात. टँकरमधून टाकीत इंधन उतरू लागले, की आतली वाफ या वाटेने बाहेर पडते. ही वाफ पेटायला एक ठिणगी पुरे असते आणि पेटलेली ज्योत नळीतून उलटी टाकीत शिरली, तर काय होईल याची कल्पनाही करवत नाही. हा अनर्थ अडवते नळीच्या तोंडाशी बसवलेली बारीक तारांची जाळी. ही जाळी दुहेरी असावी आणि तिला सेंटिमीटरमागे किमान ११ घरे असावीत, असे भारतातील पेट्रोलियमविषयक नियम सांगतात. इंचाच्या हिशेबात ही घरे २८ होतात.

दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनच्या एका प्रयोगशाळेत कोळशाच्या खाणीसाठी एक दिवा तयार झाला. त्याच्या जाळीतही एका इंचात २८ तारा होत्या. तो दिवा घडवणारे सर हम्फ्री डेव्ही यांनी पेट्रोल पंप पाहिला नव्हता. मोटारगाडीही त्यांच्या मृत्यूनंतर अर्धशतकाहून अधिक काळाने अवतरली. तरीही जगभरातील पंपांची सुरक्षितता आज ज्या तत्त्वावर उभी आहे, ते तत्त्व या माणसाने हाती दिले.

लाकूडकाम करणाऱ्याचा मुलगा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल परगण्यात पेन्झान्स नावाचे बंदर आहे. तेथे १७ डिसेंबर १७७८ रोजी हम्फ्रीचा जन्म झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करीत. पाच भावंडांत हम्फ्री थोरला. तो सोळा वर्षांचा असताना वडील वारले आणि कुटुंबाच्या माथी कर्ज राहिले. दुसऱ्याच वर्षी गावातील एका शल्यवैद्याकडे त्याने उमेदवारी पत्करली. औषधे कुटता-मिसळताना रसायनांची गोडी लागली आणि विद्यापीठाची पायरीही न चढलेला हा मुलगा पुस्तके वाचून, हाताला लागेल ती भांडी वापरून प्रयोग करू लागला.

१७९८ साली त्याला ब्रिस्टल येथे डॉ. थॉमस बेडोज यांच्या संस्थेत काम मिळाले. निरनिराळे वायू हुंगवून रोग बरे करता येतात का, याचा शोध ही संस्था घेत होती. येथे डेव्ही यांनी नायट्रस ऑक्साइड, म्हणजेच हसवणारा वायू, स्वतःवरच आजमावला. हा वायू वेदना नाहीशी करतो, तेव्हा शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल, असे १८०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी नमूद केले. वैद्यकाने ही सूचना मनावर घ्यायला चार दशकांहून अधिक काळ लावला. कार्बन मोनॉक्साइडचा भरणा असलेला एक विषारी वायू हुंगताना तर ते मरणाच्या दारातून परत आले. धोक्याची मोजदाद आधी स्वतःवर करण्याची ही खोड त्यांना आयुष्यभर महाग पडली.

१८०१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनने त्यांना बोलावून घेतले. त्यांची व्याख्याने ऐकायला उमरावांपासून कवींपर्यंत सारे लंडन लोटू लागले. विजेच्या घटांचा उपयोग करून त्यांनी १८०७ साली पोटॅशियम आणि सोडियम, तर पुढच्या वर्षी मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्राँशियम आणि बेरियम ही मूलद्रव्ये वेगळी केली. क्लोरीन हे मूलद्रव्यच आहे, हे १८१० साली त्यांनी ठामपणे मांडले. १८१२ च्या एप्रिलमध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्यानंतर काही दिवसांतच जेन अॅप्रीस या धनाढ्य विधवेशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी नायट्रोजन ट्रायक्लोराइड या भयंकर स्फोटक संयुगाने त्यांच्या डोळ्यांना इजा केली. टिपणे घेण्यासाठी मदतनीस हवा होता. त्या निमित्ताने मायकेल फॅरेडे हा पुस्तकबांधणी करणारा तरुण त्यांच्याजवळ आला आणि १८१३ मध्ये प्रयोगशाळेत रुजू झाला.

फेलिंगचा आक्रोश

डेव्ही कीर्तीच्या शिखरावर चढत असतानाच, २५ मे १८१२ रोजी, इंग्लंडच्या ईशान्येकडील फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत भीषण स्फोट झाला. ९२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुलेही होती. कोळशाच्या थरांतून झिरपणारा मिथेन वायू हवेत मिसळला, की खाण ही जणू दारूचे कोठार बनत असे. कामाला उजेड तर हवाच, आणि उजेड म्हणजे उघडी मेणबत्ती. काही ठिकाणी पोलादी चाक गारेवर घासून उडणाऱ्या ठिणग्यांच्या उजेडात काम चाले. हे चाक फिरवायला बहुधा एखादा पोर बसवलेला असे. पण या ठिणग्याही स्फोट घडवत.

मृतांचे अंत्यविधी करणारे धर्मगुरू जॉन हॉजसन यांनी या दुर्घटनेचा तपशीलवार वृत्तांत प्रसिद्ध केला. खाणमालकांना असल्या बातम्यांचा बोभाटा नको असे. हॉजसन यांनी त्याची पर्वा केली नाही. खाणींतील अपघात टाळण्यासाठी १८१३ साली सुंदरलँड येथे एक मंडळ स्थापन झाले आणि त्या मंडळाने १८१५ मध्ये डेव्ही यांना साद घातली. युरोपच्या दीर्घ प्रवासातून ते नुकतेच परतले होते. ऑगस्टमध्ये त्यांनी खाणपट्ट्याला भेट दिली. हॉजसन यांनी खाणीतला वायू बाटल्यांत भरून लंडनला पाठवला.

डेव्ही यांनी दिव्याचा विचार नंतर केला, आधी ज्योतीचा केला. हा वायू हवेशी कोणत्या प्रमाणात मिसळला असता पेटतो, स्फोट केव्हा सर्वांत तीव्र होतो, हे त्यांनी मोजले. मग एक चमत्कारिक गोष्ट दिसली. अरुंद नळीच्या एका टोकाशी स्फोट घडवला, तर ज्वाला दुसऱ्या टोकापर्यंत पोचतच नाही. धातू तिची उष्णता शोषून घेतो, ज्वाला थंडावते आणि विझते. नळी जितकी अरुंद, तितकी ती आखूड असली तरी चालते. हा धागा शेवटपर्यंत ओढत नेला, तर तारेची जाळी म्हणजे असंख्य अतिआखूड नळ्यांचा समूहच! ज्योतीभोवती अशी जाळी गुंडाळली, तर उजेड बाहेर येईल, हवा आत जाईल, पण आग आतच कोंडून राहील.

९ नोव्हेंबर १८१५ रोजी त्यांनी रॉयल सोसायटीपुढे आपले पहिले निष्कर्ष मांडले. जाळीचा दिवा त्यानंतर काही आठवड्यांत आकाराला आला आणि जानेवारी १८१६ मध्ये हेबर्नच्या खाणीत त्याची प्रत्यक्ष परीक्षा झाली. दिवा रक्षकही होता आणि पहारेकरीही; आसपास वायू असला, की आतल्या ज्योतीवर निळसर टोपी चढे आणि कामगाराला इशारा मिळे.

या दिव्याचे पेटंट घ्यावे, वर्षाला हजारो पौंड मिळतील, असा सल्ला खाणतज्ज्ञ जॉन बडल यांनी दिला. डेव्ही यांनी तो मानला नाही. खाणमालकांनी १८१७ साली त्यांना चांदीच्या भांड्यांचा संच अर्पण केला. १८१८ साली त्यांना बॅरोनेट हा मान मिळाला.

यशाला लागलेले गालबोट

याच सुमारास किलिंगवर्थच्या खाणीतील जॉर्ज स्टीफन्सन या कुशल कारागिराने स्वतंत्रपणे असाच एक दिवा बनवला होता आणि तो पेटत्या वायूच्या झोतासमोर स्वतः नेऊन पाहिला होता. पुढे रेल्वेचा जनक म्हणून गाजलेल्या या माणसाने आपली कल्पना चोरली, असा डेव्ही यांचा समज झाला आणि तो अखेरपर्यंत गेला नाही. शाळेचे तोंड न पाहिलेला खाणकामगार असा शोध लावू शकतो, हे त्यांना पटत नव्हते. विद्यापीठाविना पुढे आलेल्या माणसाने असे वागावे, यात नियतीचा उपरोधच म्हणायचा. स्टीफन्सन यांचे श्रेय पुढे संसदेच्या समितीनेही मान्य केले.

याहून गंभीर गोष्ट निराळीच होती. दिवा आल्यानंतर खाणींतील मृत्यू कमी झाले नाहीत. १८३५ साली संसदीय समितीने हिशेब मांडला, तेव्हा दिव्यानंतरच्या अठरा वर्षांत डरहॅम आणि नॉर्थंबरलँडच्या खाणींत स्फोटांनी घेतलेले बळी आधीच्या अठरा वर्षांपेक्षा अधिक असल्याचे दिसून आले. उत्पादन वाढले होते हे खरे. पण दिव्याच्या भरवशावर मालकांनी पूर्वी धोकादायक म्हणून बंद केलेले थर पुन्हा खणायला काढले होते. हवा खेळती ठेवण्यावरचा खर्च टळत होता. जाळी गंजे, तिची एखादी तार तुटे, ठोकर लागून ती चेपे. उजेड अपुरा वाटला, की कामगार जाळी काढून ठेवत. जोरदार वाऱ्याच्या झोतात ज्योत जाळीबाहेर ओढली जाऊ शकते, हा धोका तर डेव्ही यांनी स्वतःच सांगून ठेवला होता.

शेकडो घरांची जाळी निकामी व्हायला एक तुटकी तार पुरत असे. म्हणूनच पुढच्या काळात दिवे कुलूपबंद झाले, त्यांच्यासाठी खाणीच्या तोंडाशी स्वतंत्र खोल्या आल्या आणि प्रत्येक पाळीआधी प्रत्येक दिवा तपासून देण्याची शिस्त बसली.

तांब्याचा धडा

१८२० साली डेव्ही रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. आरमाराच्या जहाजांच्या तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे समुद्राच्या पाण्यात झिजत. त्यांवर जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले, तर ते तुकडे झिजतात आणि तांबे वाचते, हे त्यांनी दाखवले. रसायनशास्त्र जिंकले, जहाजे मात्र हरली. झिजणाऱ्या तांब्याच्या विषामुळे जे शिंपले आणि शेवाळ दूर राहत होते, ते आता तळाला चिकटू लागले आणि जहाजे मंदावली. आरमाराने ही योजना सोडून दिली. लोकांनी टवाळी केली. प्रयोगशाळेतील परीक्षा आणि प्रत्यक्षातील परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खाणीपाठोपाठ समुद्रानेही त्यांना शिकवले. परंतु तत्त्व खरे होते. आज इंधनाच्या भूमिगत वाहिन्या आणि पोलादी टाक्या गंजू नयेत म्हणून अनेक ठिकाणी याच पद्धतीने संरक्षण दिले जाते आणि त्यासाठी बळी जाणारा धातू पुष्कळदा मॅग्नेशियम असतो, डेव्ही यांनीच वेगळा केलेला.

१८२४ साली फॅरेडे यांच्या रॉयल सोसायटीवरील निवडीला त्यांनी विरोध केला. फॅरेडे तरीही निवडून आले. १८२६ च्या अखेरीस डेव्ही यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढल्या वर्षी त्यांनी अध्यक्षपद सोडले. उरलेला काळ युरोपात भटकण्यात, मासेमारीत आणि लेखनात गेला. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि तेथेच त्यांचे दफन झाले. खाणमालकांनी दिलेली चांदीची भांडी कालांतराने रॉयल सोसायटीकडे आली आणि त्यांतून उभ्या राहिलेल्या निधीतून रसायनशास्त्रासाठीचे डेव्ही पदक १८७७ पासून दिले जाऊ लागले.

आजच्या पंपावरचा डेव्ही

मिथेन हवेपेक्षा हलका, तो खाणीच्या छताशी साठे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते, खड्ड्यांत आणि नाल्यांत साचते. हवेत ती दीड टक्क्याच्या आसपास मिसळली, तरी पेट घेऊ शकते. म्हणून इंधन देणाऱ्या यंत्राच्या पोटातील विजेच्या जोडण्या ज्या भक्कम पेट्यांत बसवतात, त्यांना फ्लेमप्रूफ म्हणतात. अशा पेटीत वाफ शिरणारच नाही, असे गृहीत धरलेले नसते. वाफ शिरेल, ठिणगी पडेल, आत स्फोटही होईल. पण पेटी आणि झाकण यांच्यामधल्या अतिअरुंद धातूच्या फटीतून बाहेर येता येता ज्वाला थंडावेल, असा तिचा हिशेब असतो. डेव्ही यांच्या अरुंद नळीचाच हा अवतार.

आणि तिचे वैरीही जुनेच आहेत. दुरुस्तीनंतर झाकणाचा एक बोल्ट लावायचा राहिला, फटीच्या पृष्ठभागावर ओरखडा उठला किंवा गंज चढला, की फट रुंदावते आणि पेटी केवळ नावापुरती फ्लेमप्रूफ उरते. उंच नळीवरची जाळी फाटली, तर ज्योतीला वाट मिळते; धुळीने किंवा रंगाच्या हाताने ती बुजली, तर टाकीचा श्वास कोंडतो. पाच लिटरच्या मापात इंधन काढून यंत्राची अचूकता तपासतानाही हवेत वाफ मिसळतच असते. त्यामुळे यंत्र उघडण्यापूर्वी वीज तोडणे, टँकर रिकामा करण्याआधी त्याला अर्थिंग जोडणे, जाळी काढून पाहणे आणि प्रत्येक बोल्ट मोजून लावणे या कामांना पर्याय नाही. नागपुरात मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना देशभरातील या साठ्यांच्या परवान्यांवर आणि सुरक्षिततेवर देखरेख ठेवते. परंतु रोजची नजर ठेवायची असते ती पंपावर काम करणाऱ्यांनीच.

डेव्ही यांनी दिवा दिला. तो स्वच्छ आणि अभंग ठेवण्याची जबाबदारी मात्र दुसऱ्यांवर होती. जेथे ती पाळली गेली, तेथे माणसे पाळी संपवून घरी परतली. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातील उंच नळीवरची ती चिमुकली जाळी आजही तीच जबाबदारी मागते.