विश्लेषण : अण्वस्त्रांचा धाक दहशतवादाला का रोखत नाही? नरसिंह राव यांची कारकीर्द काय सांगते?

भारताकडे अण्वस्त्रे आहेत, तरीही दहशतवादी हल्ले का होतात? पहलगाममधील २२ एप्रिल २०२५ च्या हल्ल्यानंतर आणि त्यापाठोपाठ झालेल्या ऑपरेशन सिंदूरनंतर हा प्रश्न पुन्हा विचारला गेला. या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच कारकिर्दीत हाताळाव्या लागलेले पंतप्रधान म्हणजे पी. व्ही. नरसिंह राव. त्यांच्या काळात मुंबई साखळी स्फोटांनी हादरली आणि त्यांच्याच काळात पोखरणच्या वाळवंटात अणुचाचणीची तयारीही झाली.

जालना-मराठवाड्याशी नाते कोणते?

राव यांचा जन्म २८ जून १९२१ रोजी आजच्या तेलंगणातील लक्नेपल्ली गावात झाला. त्या वेळी जालना, अंबड, भोकरदन, परतूर हा मुलूख आणि वरंगळ एकाच निजामी राज्यात होते. वंदे मातरम् आंदोलनात भाग घेतल्याने राव यांना निजामाच्या राज्यात शिक्षणाची दारे बंद झाली. पुढचे शिक्षण पुणे आणि नागपूर येथे झाले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिलढ्यात त्यांनी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या छावणीतून काम केले. सत्तेच्या आश्रयाने वाढलेल्या सशस्त्र टोळ्या काय करू शकतात, हे रझाकारांच्या रूपाने त्या पिढीने जवळून पाहिले होते.

मराठी त्यांना उत्तम येत असे. ह. ना. आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला. १९८४ आणि १९८९ मध्ये ते रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले.

अण्वस्त्रांचा धाक कशावर चालतो?

अण्वस्त्रांचा खरा उपयोग ती न वापरता समोरच्याला रोखण्यात असतो. हल्ला केला तर आपलीही शहरे उरणार नाहीत, अशी भीती वाटली तरच धाक बसतो. त्यासाठी समोरच्याकडे गमावण्यासारखे काही असावे लागते आणि त्याचा पत्ता ठाऊक असावा लागतो. देशाला राजधानी असते, सैन्य असते, जनता असते. दहशतवादी टोळीला यातले काहीच नसते. तिच्यामागे एखादा देश असला, तरी तो कानावर हात ठेवतो.

पंतप्रधान म्हणून धोरण काय होते?

२१ जून १९९१ रोजी राव पंतप्रधान झाले, तेव्हा परकीय चलनाची गंगाजळी आटली होती. वर्ष संपता संपता सोव्हिएत संघ विसर्जित झाला. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर भारताने दुसरी चाचणी केली नव्हती. क्षमता होती, जाहीर घोषणा नव्हती. राव यांनी ही झाकली मूठ तशीच ठेवली. अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर त्यांनी सही केली नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये अग्नी क्षेपणास्त्राची चाचणीही झाली.

दुसरीकडे, परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याच्या १९८८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तानने १ जानेवारी १९९२ रोजी पहिल्यांदा आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना दिल्या. वैर कायम असले, तरी दोन देशांना असा व्यवहार जमू शकतो.

मार्च १९९३ मध्ये काय घडले?

६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. ती वाचवता न येणे, हा राव यांच्या कारकिर्दीवरचा सर्वांत मोठा डाग मानला जातो. मुंबईत दंगली उसळल्या. मार्चच्या सुरुवातीला राव यांनी संरक्षणमंत्री शरद पवार यांना मुख्यमंत्री म्हणून मुंबईला पाठवले. आठवडाभरातच, १२ मार्चला, शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत अशा ठिकाणी एकामागोमाग स्फोट झाले. २५७ जणांचा बळी गेला.

स्फोटांसाठीचे आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी येथे उतरवण्यात आले होते. तपासाचे धागे पाकिस्तानातील प्रशिक्षणापर्यंत गेले. मात्र माल जाऊ देणाऱ्या काही पोलिसांना आणि कस्टम अधिकाऱ्यांनाही पुढे शिक्षा झाली. म्हणजे भगदाड आपल्याच किनाऱ्यावर होते आणि ते कोणत्याही अणुबॉम्बने बुजणारे नव्हते. उत्तर द्यायचे होते तपासातून, खटल्यातून आणि मुत्सद्देगिरीतून. खटला टाडा कायद्याखाली चालला. गैरवापराच्या तक्रारी वाढल्यावर या कायद्याची मुदत मे १९९५ मध्ये संपू देण्यात आली.

डिसेंबर १९९५ मध्ये चाचणी का झाली नाही?

मे १९९५ मध्ये प्रसारबंदी करार कायमस्वरूपी झाला. चाचण्यांवर जागतिक बंदीची चर्चाही सुरू होती. दार बंद होण्याआधी चाचणी करायची का, हा प्रश्न राव यांच्यापुढे होता. पोखरणमधील हालचाली अमेरिकी उपग्रहांनी टिपल्या, त्याची बातमी फुटली, दबाव आला आणि चाचणी झाली नाही. राव दबावापुढे झुकले की त्यांनी योग्य वेळेची वाट पाहिली, यावर अजूनही वाद आहे. सर्व तयारी राव यांनीच आपल्या हाती सोपवली होती, असे अटलबिहारी वाजपेयी यांनी पुढे जाहीरपणे सांगितले.

मग धाकाचा उपयोग किती?

वाजपेयी यांनी मे १९९८ मध्ये चाचण्या केल्या. त्याच महिन्यात पाकिस्ताननेही केल्या. २००३ च्या भारतीय धोरणानुसार अण्वस्त्र आधी वापरायचे नाही. आपल्यावर अणुहल्ला झाला, तर मात्र प्रचंड प्रत्युत्तर द्यायचे. बंदुका किंवा आरडीएक्सने केलेला हल्ला या चौकटीत बसत नाही. शिवाय धाक दोन्हीकडून असल्याने आपलेही हात बांधले जातात. संसदेवरील हल्ल्यानंतर सैन्य महिनोन्‌महिने सीमेवर उभे राहिले, पण युद्ध झाले नाही. २६/११ नंतरही ते टळले. बालाकोट आणि सिंदूर हे मर्यादित प्रहारातून मार्ग काढण्याचे प्रयत्न होते. मात्र प्रत्येक वेळी संघर्ष कुठे थांबेल, ही जोखीम राहतेच.

२७ ऑगस्ट २००४ रोजी जालना शहरातील मशिदीवर शुक्रवारच्या नमाजावेळी बॉम्बहल्ला झाला. लोक जखमी झाले. भारत अण्वस्त्रसज्ज होऊन तेव्हा सहा वर्षे उलटली होती. पण असा बॉम्ब कोणी टाकला, हे शोधणे पोलिसांचे आणि ते सिद्ध करणे न्यायालयाचे काम. ते क्षेपणास्त्राने होत नाही.

त्यानंतर चारच महिन्यांनी, २३ डिसेंबर २००४ रोजी दिल्लीत राव यांचे निधन झाले. २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. अणुबॉम्बची तयारी आणि स्फोटांचा तपास ही दोन्ही कामे त्यांच्या सरकारपुढे एकाच वेळी होती. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही, हे १९९३ मध्येच दिसले होते.