नारायण मेघाजी लोखंडे

नारायण मेघाजी लोखंडे (इ.स. १८४८, ठाणे – ९ फेब्रुवारी, इ.स. १८९७, मुंबई) हे भारतीय कामगार चळवळीचे जनक मानले जाणारे पुढारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधू' या वृत्तपत्राचे संपादक होते. पोटासाठी गाव सोडून मुंबईत आलेल्या गिरणी कामगारांची बाजू त्यांनी वृत्तपत्रातून सातत्याने मांडली.

जीवन

लोखंडे यांचे फुलमाळी कुटुंब मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे होते. त्यांच्या बालपणी, १८५३ साली मुंबई–ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढील वर्षी ती कल्याणपर्यंत पोहोचली. त्यानंतर मुंबईत कापडगिरण्या वाढल्या आणि रत्नागिरी, सातारा आदी जिल्ह्यांतून कामगार शहरात येऊ लागले. लोखंडे यांनी रेल्वे व टपाल खात्यात नोकरी केली. पुढे काही काळ ते मांडवी येथील कापडगिरणीत स्टोअरकीपर होते. तेथे कामगारांची स्थिती त्यांना जवळून पाहता आली.

दीनबंधू आणि कामगारांचे चित्रण

कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी, १८७७ रोजी पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधू' लोखंडे यांनी १८८० साली मुंबईत पुन्हा चालू केले. मृत्यूपर्यंत ते त्याचे संपादक होते.

तत्कालीन इंग्रजी व्यवहारात कामगाराचा उल्लेख 'मिलहँड', म्हणजे केवळ राबणारा हात, असा होई. कामगार मनास येईल तेव्हा गावी जातो, त्यामुळे त्याला ठरावीक सुटीची गरज नाही, असा युक्तिवाद मालकांकडून केला जाई. फॅक्टरी कायद्याकडे अनेक भारतीय वृत्तपत्रे लँकेशायरच्या गिरणीमालकांचा डाव म्हणून पाहत. या वादात कामगाराची स्वतःची बाजू दुर्लक्षित राही. 'दीनबंधू'ने कामाचे तास, सुटी आणि वेळेवर पगार हे प्रश्न कामगाराच्या दृष्टीने मांडले.

संघटना

लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली. मालक वापरत असलेला 'हँड' हा शब्दच संघटनेच्या नावात आला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये परळ येथे सभा झाल्या. तेथे साप्ताहिक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त अशी कामाची वेळ आणि महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार या मागण्या मांडण्यात आल्या. मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मी येथील सभेस सुमारे १०,००० कामगार जमले. या सभेत कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून, १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

अखेरची वर्षे

१८९३ च्या हिंदू–मुसलमान दंग्यानंतर लोखंडे यांनी सलोख्यासाठी प्रयत्न केले. १८९५ साली त्यांना 'रावबहादूर' ही पदवी मिळाली. १८९६ च्या प्लेगमध्ये कामगारांसह असंख्य लोक मुंबई सोडून गावी परतले. लोखंडे शहरातच राहिले. त्यांनी रुग्णांसाठी मराठा हॉस्पिटल सुरू केले. रुग्णसेवा करीत असताना त्यांना प्लेगची लागण झाली आणि त्यातच त्यांचे निधन झाले.

स्मारके

मनोहर कदम यांनी लोखंडे यांचे चरित्र लिहिले आहे. परळ येथील श्रमविज्ञान संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे. भारतीय टपाल खात्याने २००५ साली त्यांच्यावरील तिकीट प्रकाशित केले.